नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं कॅन्सर होतो का? घरात गरोदर बाई आहे

स्नेहल_फुलेवाडी:
नमस्कार मंडळी. माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा सरत आलाय. परवा घरच्या ग्रुपवर मेसेज आला की नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकतात, त्याचा क्लोरोफॉर्म होतो, त्यानं कॅन्सर होतो आणि पोटातल्या बाळालाही धोका असतो. तेव्हापासून घरात नुसता घोळ सुरू आहे. सासूबाई म्हणतात, तिला नळाचं पाणी द्यायचंच नाही, मागच्या गल्लीतल्या बोअरचं आणा, त्यात औषध नसतं. दीर म्हणतो, आरओ घेऊया. आणि नणंदेनं या सगळ्यात पाणी पिणंच कमी केलंय. डॉक्टरांनी तर भरपूर पाणी प्या म्हणून बजावलंय.

आमच्याकडं कोल्हापुरात सकाळी नळ सुटला की ब्लीचिंगसारखा वास येतो, पहिल्या पावसात तर जास्तच. त्यामुळं मेसेज खोटा आहे असं मलाही छातीठोकपणे म्हणवत नाही. ज्यांना यातलं खरंच कळतं त्यांनी सांगा. क्लोरोफॉर्म होतो का? किती झाला की वाईट? उकळून जातो का? आणि बोअरचं पाणी बरं की नळाचं?

रंकाळ्याचा_राघू:
ताई, क्लोरीन म्हणजे केमिकलच की. आमच्या आजीच्या वेळी हंड्यात तुरटी फिरवायची आणि वरचं निवळ पाणी घ्यायचं, एवढंच होतं. नदीचं पाणी असंच प्यायली माणसं. तुम्ही पण तुरटी फिरवा आणि बोअरचं आणा. सासूबाई बरोबर सांगतायत.

विद्याकाकू_केमिस्ट:
स्नेहल, आधी नणंदेला पोटभर पाणी प्यायला सांग. नळाचंच, उकळून गार केलेलं. हे आजच्या आज कर. बाकीचं सावकाश वाच.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. नोकरी सगळी नमुन्याच्या बाटल्यांतच गेली, म्हणून हा विषय मला जवळचा आहे आणि त्यावर अर्धवट मेसेज फिरतात तेव्हा त्रास होतो.

राघू, तुझा मुद्दा आधी घेते, कारण तो ऐकून कुणी तसं करेल. तुरटी गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटवून खाली बसवते. त्या गाळाबरोबर काही जंतू खाली जातात, पण मरत नाहीत, आणि वरच्या निवळ दिसणाऱ्या पाण्यात कावीळ, टायफॉईड, गॅस्ट्रो द्यायला पुरेसे उरतात. आजीच्या वेळी कॉलरानं घरंच्या घरं बसली, हेही त्याच आठवणीत धरायला हवं. तुरटी हवीच, पण तिच्यानंतर क्लोरीन.

आता मेसेज. त्यातली पहिली ओळ खरी आहे. 1974 साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की कच्च्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरीन घातल्यावर पाण्यात दिसू लागतो. त्याच वर्षी अमेरिकेतही हेच सापडलं. म्हणजे ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच माहीत झालेली आहे, कुणी लपवून ठेवलेली नाही.

तो होतो कसा, ते आपल्या नदीवरूनच सांगते. आपलं पाणी राधानगरी, गगनबावड्याच्या जंगलातून येतं. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी हे सगळं डोंगरावरचं पाणी, तेच पुढं पंचगंगेत येतं. झाडाचा पाला कुजतो, मातीत मिसळतो, आणि त्यातून ह्युमिक आणि फुल्विक नावाची आम्लं पाण्यात उतरतात. जूनमधलं पहिलं तांबडं पाणी आठव. क्लोरीन जंतूंना मारतो तसाच या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाशीही भिडतो आणि त्यातून नवे पदार्थ तयार होतात. त्यांना निर्जंतुकीकरणाची उपउत्पादनं म्हणतात. त्यातला मोठा गट ट्रायहॅलोमिथेनचा: क्लोरोफॉर्म, ब्रोमोफॉर्म आणि मधले दोन. दुसरा गट हॅलोअॅसेटिक आम्लांचा. पाण्यात ब्रोमाइड नावाचा क्षार असेल तर ब्रोमीनवाले प्रकार वाढतात. पाणी जितकं कोमट, क्लोरीनचा डोस जितका मोठा आणि पाणी पाईपात जितका वेळ, तितकं ट्रायहॅलोमिथेन जास्त.

किती झालं की वाईट? आपलं भारतीय मानक, आयएस 10500, 2012 सालचं, क्लोरोफॉर्मला लिटरमागं 0.2 मिलिग्रॅम, ब्रोमोफॉर्मला 0.1, डायब्रोमोक्लोरोमिथेनला 0.1 आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनला 0.06 मिलिग्रॅम मर्यादा देतं. जागतिक आरोग्य संघटना क्लोरोफॉर्मला 0.3 पर्यंत चालवून घेते. अमेरिका कडक आहे, तिथं चारही मिळून 0.08 आणि हॅलोअॅसेटिक आम्लांपैकी पाच मिळून 0.06. युरोपात चारही मिळून 0.1. या मर्यादा एका दिवसाच्या विषाच्या नाहीत. माणूस जन्मभर रोज हेच पाणी प्यायला तरी चालेल, असा हिशेब करून त्या ठरवतात. एखाद्या दिवशी आकडा वर गेला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

कॅन्सरबद्दल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं क्लोरोफॉर्मला 2ब गटात टाकलंय, म्हणजे 'माणसात कॅन्सर करण्याची शक्यता आहे', आणि ते मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्याबद्दल त्याच संस्थेनं 1991 साली म्हटलं की वर्गवारी करण्याइतका पुरावा नाही. त्यानंतर युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत, अनेक दशकं जास्त ट्रायहॅलोमिथेनचं पाणी पिणाऱ्यांत, विशेषतः पुरुषांत, मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. हे मी कमी लेखत नाही. पण त्याच मूत्राशयाला विडी-सिगारेट याच्या कितीतरी पट नुकसान करते.

गर्भाबद्दल. 1998 साली कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात जास्त ट्रायहॅलोमिथेनचं पाणी दिवसाला पाच किंवा जास्त ग्लास पिणाऱ्या बायकांत सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपात जास्त दिसले. तुझ्या मेसेजचं मूळ बहुतेक तेच. पुढं 2006 च्या सुमारास मोठा आणि जास्त काळजीनं केलेला अभ्यास झाला, त्यात तो संबंध तसा टिकला नाही. बाळाचं वजन किंचित कमी भरण्याशी काही अभ्यासांत संबंध दिसतो, तोही लहान.

आता दुसरं पारडं बघ. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, आठवते का? हिपॅटायटिस ई. तो पाण्यातूनच येतो, मैला मिसळलेल्या पाण्यातून. एरवी धडधाकट माणूस त्यातून उठतो, पण शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्या गरोदर बाईला झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत बायका दगावू शकतात. तुझी नणंद नेमक्या त्याच महिन्यांत शिरतेय. म्हणून मला काळजी क्लोरोफॉर्मची नाही, सासूबाईंच्या बोअरची आहे.

बोअरमध्ये औषध नसतं हे खरं, आणि अडचण तीच आहे. आपल्याकडं खाली काळा पाषाण. त्यातल्या भेगांतून पाणी येतं, आणि भेग गाळत नाही. शेजारच्या घराची शौचटाकी, तुंबलेलं गटार, पावसाळ्यात वर आलेलं पाणी, सगळं त्याच भेगांनी आत जातं. वरून नायट्रेट. उसाला टाकलेला युरिया आणि मैला दोन्हीकडून ते भूजलात उतरतं. त्याची मर्यादा लिटरमागं 45 मिलिग्रॅम आहे आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेटनं रक्तात प्राणवायू पोचत नाही, अंग निळं पडतं. बाळंतपणानंतर कधी वरचं दूध द्यायची वेळ आली तर ते पाणी कुठलं, हे तेव्हा नीट विचारा.

नळाच्या वासाचं सांगते, कारण त्यावरूनच सगळे ठरवतात. उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त असंच नसतं. पाण्यात मैल्याचा अमोनिया असला की क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन करतो, आणि त्यातले काही प्रकार मोकळ्या क्लोरीनपेक्षा जास्त वास मारतात. म्हणजे वास पुष्कळदा क्लोरीनची तक्रार नसते, क्लोरीन टाकण्याआधी पाण्यात काय होतं त्याची तक्रार असते. जयंती नाला आणि दुसरे नाले पंचगंगेत काय आणून ओततात ते आपण सगळे बघतो. अमोनिया आधी क्लोरीन खाऊन टाकतो, मग जंतूंसाठी काही उरायला डोस वाढवावा लागतो, आणि डोस वाढला की उपउत्पादनं वाढतात. क्लोरीनला शिव्या घालून उपयोग नाही. नदीत सांडपाणी सोडणं थांबलं की डोसही उतरतो.

शुद्धीकरण केंद्रातही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. आधी तुरटी किंवा पीएसीचा (तुरटीसारखाच गाळ बसवणारा पदार्थ) डोस नीट बसवून सेंद्रिय भाग गाळात काढायचा, आणि क्लोरीनचा मोठा हिस्सा कच्च्या पाण्यात न घालता फिल्टरनंतर घालायचा. जो पदार्थ आधीच गाळात गेला त्याच्यापासून क्लोरोफॉर्म होत नाही. साधी गोष्ट आहे, पण रोज जार टेस्ट (भांड्यांत नमुने घेऊन तुरटीचा योग्य डोस शोधणं) करणारा आणि ती मनापासून करणारा माणूस लागतो. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात आलं. सुमारे 53 किलोमीटर लांब पाईप. त्या पाण्यात मैल्याचा भाग कमी, ही मोठी सोय आहे. पण धरणाच्या तळातही पाला कुजतोच, त्यामुळं गाळणीचं काम संपलं असं नाही.

जलसुरक्षक_करवीर:
काकू, लई भारी सांगितलंसा. मी करवीरातल्या एका गावात पाण्यात टीसीएल, म्हंजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं काम करतोय. गावात लोकं मला सारखं म्हणत्यात, पावडर कमी टाक, चहा बिघडतोय. एकदा तर एकानं टाकीची शिडीच काढून ठेवली. पण मी ऐकत न्हाई.

आम्हाला शिकवल्यालं असं हाय: शेवटच्या नळाला ओटी टेस्ट करायची, म्हंजे औषधाचं थेंब टाकून रंगावरनं क्लोरीन बघायचा, 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन दिसाय पायजे. पहिल्या नळाला दिसतंय म्हणून उपयोग न्हाई. चांगली पावडर, म्हंजे 33 टक्के क्लोरीनवाली, हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास लागती. पण पोतं उघडं ऱ्हायलं, दमट झालं, की ताकद जाती. मग माणूस अंदाजानं मूठभर जास्त टाकतोय, आणि वासानं लोकं बोंब मारत्यात. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी टाकीत सोडायचं. डायरेक्ट पावडर टाकीत ओतणारी पण हायत, ते चुकीचं हाय.

2019 च्या पुरात शहरातली उपसा केंद्रं पाण्यात गेली हुती, आमच्याकडं विहिरी बुडाल्या हुत्या. पाणी उतरल्यावर आधी विहीर उपसून टीसीएल टाकली, मगच लोकांना पाणी सोडलं. तवा कुणी म्हटलं न्हाई की वास येतोय.

विद्याकाकू_केमिस्ट:
दादा, शिडी काढली तरी काम सोडलं नाहीस, यासाठी तुला मनापासून धन्यवाद. आणि पावडरीची ताकद जाते हे तू सांगितलंस ते फार महत्त्वाचं आहे. अंदाजानं मूठभर, हाच कमी आणि जास्त दोन्ही डोसांचा उगम आहे. पोतं कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवायचं आणि जुनी पावडर असेल तर तिचा क्लोरीन तपासून मग हिशेब करायचा. तुमच्या तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पावडरीचा नमुना घेतात का, ते विचार.

स्नेहल_फुलेवाडी:
काकू, सासूबाईंना तुमचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. काविळीचं ऐकल्यावर बोअरचा विषय बंद झाला. इचलकरंजीत त्यांच्या चुलतबहिणीच्या घरात त्या साथीत दोघं आजारी होते, ते त्यांना आठवलं.

आता दोन-तीन गोष्टी. उकळल्यावर क्लोरोफॉर्म जातो ना नक्की? आरओ घ्यायचा की नको? आणि मेसेजमध्ये आंघोळीच्या पाण्याचंही होतं, ते मी आधी लिहिलं नव्हतं. नणंद गीझर लावून शॉवरखाली बराच वेळ असते, कंबर दुखते म्हणून.

विद्याकाकू_केमिस्ट:
उकळण्याचं: क्लोरोफॉर्म 61 अंशालाच उकळतो, म्हणून झाकण काढून पाचेक मिनिटं खळखळ उकळलं की त्यातला बहुतेक उडून जातो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेव. हॅलोअॅसेटिक आम्लं मात्र अशी उडत नाहीत. पण उकळल्यानं काविळीचा विषाणू मरतो, आणि आत्ता तुमच्या घरात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गार झालेलं पाणी झाकून ठेवा, त्यात ओगराळं घाला, हात नको. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळं ते पुन्हा दूषित झालं तर त्याला राखायला काही नसतं. रोजचं रोज उकळा. 

आरओचं: आपल्या नदीच्या आणि धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमी, त्यामुळं क्षार काढायला आरओ लागत नाही, आणि तो बरंच पाणी मोरीत सोडतो. क्लोरोफॉर्म काढायचं काम खरं तर आरओच्या आधी बसवलेला कोळसा करतो, म्हणजे अॅक्टिव्हेटेड कार्बन. आरओचा पडदा हॅलोअॅसेटिक आम्लं चांगली अडवतो, पण क्लोरोफॉर्मचा रेणू लहान, तो थोडा निसटतो. म्हणून दिराला सांग की कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) असलेलं साधं यंत्र पुरे. यूव्ही जंतू मारतो, कार्बन बाकीचं धरतो. अट एकच, कार्बनचं काडतूस कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत बदलायचं. भरलेला कार्बन धरलेलं परत सोडू शकतो आणि त्यावर जंतूंची वाढही होते. बदलायची तारीख यंत्रावरच चिकटवून ठेवा.

आंघोळीचं मेसेजमध्ये लिहिलंय ते खरं आहे आणि बहुतेकांना माहीत नसतं. क्लोरोफॉर्म श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातो. गरम पाण्यात तो जास्त तयार होतो, आणि शॉवरच्या बारीक थेंबांतून भराभर हवेत सुटतो. बंद न्हाणीघरात बराच वेळ वाफेत उभं राहिलं की एखादा ग्लास पाण्यातून जाईल त्यापेक्षा जास्त जाऊ शकतो. उपाय अगदी सोपा आहे: खिडकी उघडी, एक्झॉस्ट सुरू, कोमट पाण्याची बादली, लवकर आंघोळ. फार कढत पाणी सातव्या महिन्यात तसंही नको. कंबरेला शेक द्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून बाहेर पिशवीनं द्या.

सोसायटी_अध्यक्ष_नागाळा:
मॅडम, आमच्या अपार्टमेंटमध्ये हाच विषय निघालाय. पाण्यातलं ट्रायहॅलोमिथेन तपासून घ्यायचं असेल तर नमुना कसा आणि कुठं द्यायचा? टाकीच्या पाण्याचा दिला तर चालेल का?

विद्याकाकू_केमिस्ट:
टाकीच्या पाण्याचा एकटा नको, त्यात तुमची टाकीही मोजली जाते. थेट मुख्य लाईनवरच्या नळाचा एक आणि टाकीखालच्या नळाचा एक, असे दोन द्या. मग कळतं की अडचण शहरातली की गच्चीवरची. टाकीच्या तळाला गाळ आणि शेवाळ असेल तर उरलेला क्लोरीन तिथंच खर्च होतो आणि पाणी उघडं पडतं. टाकी धुवून घेणं हा कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त उपाय आहे.

ट्रायहॅलोमिथेन ओटी टेस्टनं किंवा टीडीएस मीटरनं (तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो) कळत नाही. दारावर मीटर घेऊन येणाऱ्या विक्रेत्याच्या आकड्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे उडणारे पदार्थ वेगळे करून मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र, लागतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला फोन करून विचारा की मान्यतेच्या यादीत ट्रायहॅलोमिथेन आहे का. असेल तिथंच द्या. शहराच्या कच्च्या आणि शुद्ध पाण्याचे अहवाल पाणीपुरवठा विभागाकडं माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्यात गढूळपणा, अमोनिया, क्लोरीनचा डोस आणि शेवटच्या टोकाचा उरलेला क्लोरीन हे चार रकाने जून ते सप्टेंबरचे मागा. चार रकाने शेजारी ठेवले की पावसाळ्यात डोस का चढतो ते दिसतं.

नमुना घेताना: प्रयोगशाळेचीच काचेची छोटी बाटली मागा, तिच्यात क्लोरीन थांबवणारं औषध आधीच घातलेलं असतं, ते धुवून टाकू नका. नळाची जाळी काढा, पाणी थोडा वेळ वाहू द्या, मग धार बारीक करून बाटली काठोकाठ भरा. झाकण लावून उलटी धरा, आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, नाहीतर क्लोरोफॉर्म त्या हवेत जातो आणि आकडा खोटा कमी येतो. बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. ट्रायहॅलोमिथेन पाईपात जाता जाता वाढत जातं, म्हणून लाईनच्या शेवटच्या टोकाच्या घरातला नमुना घ्या, आणि एक उन्हाळ्यात, एक पहिल्या मोठ्या पावसानंतर. बाटलीवर तारीख, वेळ आणि नळ कुठला ते लिहा. अहवाल आला की इथं टाका, बघून सांगते.